भिंतीपलीकडची शाळा

केना, १४ जून १९९६

अब्देल-राझी दादा,

सलाम. तू विचारलेलं नाहीस तरी सांगतो, आम्ही बरे आहोत. अम्माचे गुडघे दुखतात, पण तेही तू विचारलेलं नाहीस. तुझ्या पत्रात चौकशी एकाच गोष्टीची होती: तुझ्या जुळ्यांचं, बदर आणि कमरचं, नाव कालव्यापलीकडच्या त्या खाजगी शाळेत घातलं की नाही.

नाही घातलं. का ते ऐक.

तुझ्या हुकमाप्रमाणे काल साब्रा वहिनीला आणि जुळ्यांना घेऊन मी तिथे गेलो. वहिनीनं लग्नातले बूट बाहेर काढून पायात घातले. बदरचे केस तेल लावून चापून बसवले, कमरच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की पोरीच्या भुवया वर चढल्या. तिथे कळलं की परीक्षा पोरांची नसतेच, आईबापांची असते. टेबलामागे एक बाई बसली होती, नखं रंगवलेली. बदरनं आकडे म्हटले, कमरनं रंग ओळखले, तिचं लक्षही नव्हतं. तिनं वहिनीला विचारलं, आई किती शिकलेली आहे. वहिनी गप्प. मग वहिनी त्या खोलीत नाहीच अशा थाटात ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "आईला लिहिता-वाचता येतं का? घरी अभ्यास कोण घेणार?"

मी म्हणालो, मी घेईन. माझं शिक्षण विचारलं. मी सांगितलं, असियूतला कॉमर्स, दुसऱ्या वर्षापर्यंत. ती हसली. मोठ्यानं नाही, नुसती नाकातून. मग मी टेबलावर हात आपटला आणि तिचा चहा तिच्या कागदांवर सांडला. त्यानंतर त्यांच्या शिपायानं आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं.

घरी आल्यावर वहिनीनं बूट कपाटावर ठेवले आणि पीठ मळायला बसली. पिठाला इतकी मारझोड मी कधी पाहिली नव्हती.

आता माझं मत. आपल्या मागच्या भिंतीला लागून सरकारी शाळा आहे. तू तिथेच शिकलास, मीही. घंटा झाली की आपल्या ताटाळ्यातल्या थाळ्या वाजतात. पहिलीला दोन्ही पाळ्यांत इखलासबाई आहेत. पोरं साठ असोत की सत्तर, इखलासबाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, आणि पुढे आपल्या अंगणातही येतो. इखलासबाई कुणाला छडी लावत नाहीत. इखलासबाईंना प्रत्येक पोराच्या आईचं नाव ठाऊक असतं. दुपारच्या पाळीत जागा आहेत. पोरांना पहाटे उठवावं लागणार नाही, हे वहिनीलाही पटलं आहे.

तू नुसतं हो म्हण.

तुझा भाऊ,
शाझली

*

जेद्दा, २९ जून १९९६

शाझली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं शाळेबद्दल आहे. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की ते एका बाईबद्दल आहे आणि शाळा तिच्यामागे पडद्यासारखी लावली आहे.

तुला वाटतं मी इतक्या लांब बसून आंधळा झालो? आपल्या गावचे हाजी तोहामी उमऱ्यासाठी मक्केला आले होते. माझ्या खोलीवर जेवले. जेवता जेवता म्हणाले, तुझा धाकटा शुक्रवारच्या नमाजानंतर शाळेच्या फाटकाशी उभा असतो, शर्ट इस्त्रीचा, केस ओले. शुक्रवारी शाळा बंद असते, शाझली. बंद शाळेच्या फाटकाशी माणूस कशासाठी उभा राहतो ते मला कळतं. पाहुण्यासमोर हसून साजरं केलं.

असियूतला तुला शिकायला पाठवलं. तिथे तू मास्तरशी मारामारी करून परत आलास. आता घरी बसून माझ्या मुलांचं शिक्षण ठरवतोस. ज्यानं स्वतःची शाळा अर्धी टाकली त्यानं दुसऱ्याची निवडू नये. त्या टेबलामागच्या बाईला मी दोष देत नाही. तिनं जे विचारलं ते पुढे जग विचारणारच आहे.

मी इथे लोकांच्या घरातली हवा थंड करत फिरतो, पन्नास अंशांच्या उन्हात गच्च्यांवर. ते माझी मुलं तीन-तीनच्या बाकावर चेंगरून बसावीत म्हणून नाही. बदर आणि कमर कालव्यापलीकडे जातील. त्या बाईची माफी माग. मागता येत नसेल तर तू घरी थांब आणि वह्दान मामाला पाठव.

दुपारच्या पाळीचं नाव पुन्हा काढू नकोस.

अब्देल-राझी

*

केना, १२ जुलै १९९६

दादा,

हो. मला इखलास आवडते. लपवण्यासारखं मी काही केलेलं नाही, म्हणून तुझ्या तोंडावर सांगतो. ती भिंतीपलीकडे हजेरी घेते आणि मी अलीकडे बसून ऐकतो. पहिलीतल्या सगळ्या पोरांची नावं मला पाठ आहेत. एखादं पोर 'हजर' म्हणालं नाही तर मलाच चुटपुट लागते. तिनं माझ्याकडे मान वर करून दोनदा पाहिलं असेल. हसायचं तर हस.

पण शुक्रवारचं तुला जे वाटतं ते खोटं आहे. मी फाटकाशी का उभा असतो ते सांगू शकत नाही, कारण मी कुणाला तरी शब्द दिला आहे. तोहामी हाजींनी अल्लाच्या घरी जाऊन आल्यावर तरी दुसऱ्याच्या शर्टाची इस्त्री मोजू नये. त्यांनी इकडे येऊन तुझंही सांगितलं म्हणा. वर्कशॉपचं शटर पाडण्याआधी तू प्रत्येक यंत्रामागे वाकून मांजर शोधतोस, आणि तिथली पोरं तुला मांजरवाला म्हणतात. अम्माला हसू येईल असं वाटलं होतं. ती उठून आत गेली.

आता शाळेचं. त्या खाजगी शाळेची बस पहाटे येते. जुळ्यांना झोपेतून हलवून उठवायचं नसतं, हे जेद्दाच्या गारव्यात विसरला असशील तर आठवण करून देतो. जुळं मूल झोपलं की त्याचा जीव मांजर होऊन हिंडायला जातो. मांजर परत येईपर्यंत मुलाला हात लावायचा नाही. हे मी नाही म्हणत, सगळं केना म्हणतं. वहिनी रोज सकाळी दोघांच्या पायथ्याशी बसते, तळवे चोळते, हळूहळू नावं घेते. कधी कधी पाव तव्यावर करपतो तरी उठत नाही. आणि तू तिला सांगतोस की बसच्या भोंग्यावर पोरं ओढून उभी कर.

खरं सांगू? तुला शाळेची पडलेली नाही. आपली बायको अडाणी आहे, हे चार लोकांत दिसतं याची तुला लाज वाटते. मुलं कालव्यापलीकडे गेली की ती लाज धुऊन निघेल असं तुला वाटतं.

वहिनीचं म्हणणं खाली लिहितो, तिनं सांगितलं तसं:

"बदरच्या बाबांना सलाम. एकूण परिस्थितीचा विचार करता भिंतीपलीकडची शाळाच मुलांच्या हिताची आहे. दुपारची पाळी सोयीची आहे. इखलासबाई चांगल्या आहेत. परवानगी द्यावी. साब्रा."

शाझली

*

जेद्दा, २६ जुलै १९९६

शाझली,

साब्रानं आयुष्यात कधी 'एकूण परिस्थिती' म्हटलेलं नाही. तिला राग आला की ती भांडं आपटते आणि आनंद झाला की काकवी जास्त वाढते, यापलीकडे तिची भाषा मला माहीत आहे. माझ्या बायकोच्या तोंडात स्वतःचे शब्द कोंबायला तुला लाज वाटली नाही? सात वर्षं तुझ्या हातून तिची पत्रं येतात. आता मला त्यातलं प्रत्येक पत्र संशयानं आठवावं लागतं. 'मला तुमची आठवण येते' हेही तूच लिहिलं होतंस का?

मी वह्दान मामाला लिहिलं आहे. मुलाखतीची दुसरी तारीख मिळाली आहे. तो गाडी घेऊन येईल आणि मुलांना घेऊन जाईल. तू मधे आलास तर मी सुट्टी टाकून येईन आणि सर्वांदेखत तुझं थोबाड फोडीन. मी रागात लिहितो असं समजू नकोस. दोन दिवस थांबून लिहिलं आहे.

मांजरांच्या गोष्टी मला शिकवू नकोस. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून त्या मला ठाऊक आहेत. शाळा एवढी चांगली वाटते ना? मग जा आणि तुझ्या इखलासबाईंना विचार, पटांगणातल्या अडगळीच्या खोलीला कुलूप का असतं.

अब्देल-राझी

*

केना, १६ ऑगस्ट १९९६

अब्देल-राझी,

दादा म्हणवत नाही.

वह्दान मामा गेल्या आठवड्यात आला, उजाडायच्या आत. कैरोत नोकरी करून आल्यापासून त्याला आपल्याकडचं काहीच मान्य नाही, हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच त्याला निवडलंस. वहिनी पाणी तापवत होती. तो सरळ खोलीत गेला आणि बदरच्या कानाशी टाळी वाजवून त्याला दंडाला धरून उभा केला.

पोराची किंकाळी मी गच्चीवर ऐकली. धावत खाली आलो तर बदर भिंतीला पाठ लावून उभा होता, डोळे उघडे, आणि वहिनीला ओळखत नव्हता. ती 'बदर, बदर' म्हणतेय आणि तो तिच्यापासून मागे सरकतोय. वहिनीनं मामाचे बूट उचलून रस्त्यात फेकले. मग मामालाही दाराबाहेर घातलं. गरम पाण्याचं भांडं तिच्या हातातच होतं, म्हणून तो बूट उचलून चालता झाला. बदर थोड्या वेळानं भानावर आला, पण दिवसभर अंग कढत होतं. तापात काही खाल्लं नाही. आता बरा आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून लिहिलं.

त्या दिवशी अम्मा त्याचा पाय हातात धरून बसून होती आणि सारखी 'नईमा' म्हणत होती. मी म्हणालो, अम्मा, हा बदर आहे. तिला ऐकूच गेलं नाही. नईमा म्हणजे आपली बहीण, मी व्हायच्या आधी तापानं गेली, एवढंच मला माहीत. मग मी तुझं पत्र काढलं आणि अडगळीच्या खोलीबद्दल विचारलं. अम्मानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच तिला काही केलं आहे. उठली, आत जाऊन दार लावून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत जेवली नाही.

मग माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. शुक्रवार होता, व्हरांड्यात काही बायका होत्या. शिपायाकडे किल्ली मागितली. तो म्हणाला, हेडमास्तरांना विचारा. मी वीट उचलली आणि कुलूप फोडलं. आत मोडके बाक, झेंड्याची काठी, फुटका ढोल, उंदरांच्या लेंड्या. एवढंच. तुझ्या त्या एका वाक्यासाठी मी त्या धुळीत उभा होतो आणि मागे इखलास उभी होती.

सगळ्यांसमोर म्हणाली, "शाझली, तुम्हाला काही विचारायचं असेल तर दार वाजवायचं असतं. फोडायचं नसतं." मला वाटलं ती कुलपाबद्दल बोलते आहे. घरी आल्यावर कळलं की कुलपाबद्दल बोलत नव्हती. त्यानंतर ती माझ्याकडे बघत नाही. सुट्टी संपून शाळा भरली तरी तिची हजेरी आता मला ऐकवणार नाही.

हे तुझ्यामुळे झालं. आता सांग त्या खोलीत काय होतं. सांगायचं नसेल तर पुन्हा पत्र लिहू नकोस, मीही लिहिणार नाही.

शाझली

*

जेद्दा, ३० ऑगस्ट १९९६

शाझली,

मामाला मी उठवायला सांगितलं नव्हतं. आणायला सांगितलं होतं. बदरला ताप आला हे वाचून मी वर्कशॉपमध्ये खाली बसलो. हातातलं यंत्र तसंच राहिलं.

तू विचारलंस तर ऐक, आणि अम्मासमोर यातलं काही बोलू नकोस.

नईमा आणि मी जुळे होतो. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण अम्माला जुळे हा शब्दच घरात नको होता. साब्राला जुळी झाली तेव्हा नाइलाज झाला. आम्ही दुसरीत होतो, दुपारच्या पाळीत. उन्हाळ्याची दुपार, वर पत्रा. नईमा बाकावर डोकं ठेवून झोपली. बाई म्हणाल्या, झोपू दे. बाहेर जुना शिपाई मांजराच्या मागे लागला होता. मांजरं डबे पळवत, म्हणून त्याचा त्यांच्यावर दात होता. मी खिडकीतून पाहिलं, त्यानं एक पिवळं मांजर अडगळीच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. ते आत ओरडत होतं. घंटा झाली. मी नईमाला हाक मारली. ती उठली नाही. मी हळूच तळवा चोळला, अम्मा करायची तसा. उठली नाही. मी पळत जाऊन शिपायाला म्हणालो, दार उघडा, माझी बहीण आत आहे. तो हसला. तो काय करणार, सगळेच हसले. अम्माला भिंतीपलीकडून बोलावून आणेपर्यंत नईमा गेलेली होती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा ताप. त्या वर्षी गावात आणखी मुलं गेली त्या तापानं. मी डिप्लोमा केलेला माणूस आहे. ताप काय असतो, मला कळतं. डॉक्टर खरं बोलले यात मला शंका नाही. पण शटर पाडताना मी वाकून बघतो ते बघतोच. आणि माझी मुलं दुपारच्या पाळीत त्या पत्र्याखाली बसलेली मला दिसतात, तेव्हा माझा हात अर्जावर सही करायला उठत नाही.

तू म्हणालास मला साब्राची लाज वाटते. तसं असतं तर सोपं झालं असतं.

तुझ्या प्रेमाचं मी वाटोळं केलं असेन तर ते मुद्दाम केलं नाही. पण कुलूप मी फोडलेलं नाही, तू फोडलंस. प्रत्येक वेळी वीट तूच उचलतोस आणि पत्र मात्र मला लिहितोस.

शाळेचं काय करायचं, मला आता कळत नाही. पाळणार असशील तर एकच सांगतो. दुपारची पाळी नको.

अब्देल-राझी

*

केना, २७ सप्टेंबर १९९६

बदरच्या बाबांना,

सलाम. हे पत्र मी लिहिते आहे. शाझली नाही. अक्षर वाईट आहे, पण माझं आहे.

गेल्या हिवाळ्यापासून शुक्रवारी शाळेत बायकांचा वर्ग असतो. इखलासबाई घेतात. मी जाते. शाझली मला सोडायचा आणि फाटकाशी उभा राहायचा. मी त्याच्याकडून शपथ घेतली होती की तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही सुट्टीत याल तेव्हा वर्तमानपत्र वाचून दाखवणार होते. तुम्ही त्याला नाही नाही ते बोललात. त्यानं ऐकून घेतलं. त्याला मी रागावले, कारण तुमच्यासाठी त्यानं जे माझ्या नावानं लिहिलं ते मी म्हटलं नव्हतं. 'आठवण येते' हे मी म्हटलं होतं. दर वेळी.

त्या खाजगी शाळेत बाईनं विचारलं तेव्हा मला वाचता येत होतं. तिच्या टेबलावरची पाटी मी वाचली होती. पण अशा बाईला उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

तुम्ही दोघे भाऊ उन्हाळाभर माझ्या मुलांवरून भांडलात. एकाला बाई हवी होती, एकाला मेलेली बहीण विसरायची होती. मला कुणी विचारलं नाही. म्हणून मीही विचारलं नाही. अम्माला घेऊन हेडमास्तरांकडे गेले आणि दोघांची नावं घातली. भिंतीपलीकडच्या शाळेत, सकाळच्या पाळीत. सकाळच्या पाळीत जागा नाही म्हणाले. अम्मा त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, माझी नईमा तुमच्या दुपारच्या पाळीत होती. मग जागा झाली.

तळवे चोळायला मला अम्मानंच शिकवलं होतं, मुलं झाली त्या दिवशी. का ते सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तुम्हाला वाटतं तिला बोलवत नाही. ती तुमच्यासाठी गप्प होती, तुम्हाला ती दुपार आठवू नये म्हणून.

पहाटेची काळजी करू नका. बस नाही, कालवा नाही. मी अंधारापासून पायथ्याशी बसते, दोघं आपापली उठतात. तोंड धुतात, पाव काकवीत बुडवून खातात, आणि घंटा होता होता भिंतीला वळसा घालून आत असतात. उशीर झाला तर कमर अंगणातूनच 'हजर' म्हणून ओरडते. इखलासबाई चालवून घेतात.

शाझलीला इखलासबाईंनी निरोप दिला आहे. आधी असियूतला जाऊन राहिलेलं पुरं करा, मग दार वाजवा. तो काल गेला. जाताना तुम्हाला काही लिहायचं का विचारलं, तर म्हणाला, त्यानं आधी लिहावं. तुम्हीच लिहा. तुम्ही मोठे.

आणखी एक. ती अडगळीची खोली. कुलूप तुटल्यावर हेडमास्तर नवीन लावणार होते. मी म्हटलं, नको. मोडके बाक आम्ही बायकांनी बाहेर काढले, भिंतींना चुना दिला. आता आमचा वर्ग तिथेच बसतो. कडी काढून टाकली आहे. मी आत्ता तिथेच बसून लिहिते आहे. एक मांजर आत येऊन माझ्या पिशवीवर झोपलं आहे, त्याला कुणी उठवत नाही.

सुट्टीत याल तेव्हा मुलांना आणायला तुम्हीच जा. फाटकाशी उभे राहू नका. आत या.

साब्रा